कासवाची औषधपेटी ऐनवेळी कामाला येत नाही? आधी हे तपासा

आमच्या घरी दोन कासवं आहेत, सखू आणि धोंडू. दोन्ही लाल कानाची, पाण्यात राहणारी, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याची जात. नऊ वर्षांपूर्वी भाच्यानं नागपूरहून आणली तेव्हा एका तळहातावर दोघं मावायची. आता सखू जेवणाच्या ताटलीएवढी झाली आहे. आमचं गाव हिंगणघाटच्या पुढे, कपाशी-तुरीचं. नागपूर गाठायचं तर बस धरून अर्धा दिवस मोडतो, आणि कासव हाताळलेला डॉक्टर मिळण्याची खात्री नागपूरलाच. म्हणून घरात कासवांसाठी औषधपेटी पहिल्या वर्षापासून आहे.

अडचण पेटी नसल्याची नव्हतीच. पेटी होती, भरलेली होती, आणि तरी प्रत्येक वेळी ऐनवेळी फसली. एका डिसेंबरात सखूचे डोळे सुजून मिटले, तेव्हा पेटीतले डोळ्याचे थेंब उघडून आठ महिने झालेले. एका मे महिन्यात मलमाची ट्यूब दाबली तर आधी पाणी आणि मागून गाठी बाहेर आल्या. एका जानेवारीत धोंडूच्या नाकातून बुडबुडे येऊ लागले, तेव्हा औषधं सगळी होती, पण त्याला ऊब कशी द्यायची याची काहीच सोय नव्हती. आणि तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी जे झालं त्यानंतर मी पेटी पूर्ण रिकामी करून पहिल्यापासून भरली.

त्या दिवशी घरातली सगळी मंडळी पोरांचे लाकडी बैल पाहायला देवळाकडे गेली होती. अंगणातल्या टाक्यावरची जाळी सरकलेली राहिली. गल्लीतल्या कुत्र्यानं धोंडूला बाहेर ओढला. आलो तेव्हा त्याच्या पाठीची मागची कड फुटलेली, मागच्या पायाची कातडी फाटलेली आणि सगळा चिखल-रक्ताचा गोळा. पेटी उघडली. तिच्यात गोठ्यातल्या जखमेवर मारायचा स्प्रे, शेळ्यांच्या गोचिडांसाठी आणलेलं इंजेक्शन, डेटॉल, कापूस आणि हळदीची पुडी. घाईघाईत हळद आणि चुना भरून फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी त्याच फडक्याखाली अळ्या वळवळत होत्या. नागपूरच्या डॉक्टरांना तो लेप खरवडून काढायला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास धोंडू मान आत ओढून थरथरत होता. कासवाची पाठ म्हणजे निर्जीव ढाल असं आपण धरून चालतो. ती जिवंत हाडाची असते, तिच्यात रक्त वाहतं आणि तिला दुखतं.

तेव्हा पेटी दरवेळी का फसते ते एकेक करून पाहू. मला जी कारणं सापडली ती आपल्याकडच्या बहुतेक घरांत असणार.

पहिला दोष: पेटी ढोरांची किंवा माणसांची असते

खेड्यातल्या घरात जनावराचं औषध म्हणजे गाय, बैल, शेळीचं औषध. त्यातलं एक नाव आधी लिहून ठेवा: आयव्हरमेक्टिन. शेळ्या-मेंढ्यांच्या गोचिडांवर, उवांवर, जंतांवर ते सर्रास वापरतात आणि त्यांना ते चालतं. कासवाला ते विष आहे. मज्जासंस्थेवर परिणाम होऊन अंग लुळं पडतं, श्वास थांबतो आणि कासव दगावतं. इंजेक्शन असो, पाठीवर ओतायचं असो की तोंडातून द्यायचं असो, कासवाच्या बाबतीत कुठलाही प्रकार नाही. त्या तान्ह्या पोळ्याला भावानं जखमेत किडे पडू नयेत म्हणून हेच इंजेक्शन हातात घेतलं होतं. फोनवर डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचायला लावलं म्हणून थांबलो. माय म्हणाली, "अरे, शेळीले चालते तं ह्याले काहून नाही चालत?" प्रश्न रास्त होता, आणि तो प्रत्येक घरात विचारला जाणार. म्हणून आता त्या बाटलीवर लाल चिकटपट्टी लावून 'कासवाला नाही' असं ठळक लिहिलं आहे आणि ती गोठ्यातच राहते.

तसंच गोचीड मारायचं, अंगावर लावायचं कोणतंही औषध बाद. माश्या-अळ्या मारणारे जखमेचे स्प्रे बाद, कारण बऱ्याच स्प्रेंमध्ये कीटकनाशक किंवा टर्पेंटाइन असतं. डेटॉल, फिनाइल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेवर नाही. हळद, चुना, राख, चहापत्ती नाही. ते पदार्थ घाण आत बंद करतात आणि डॉक्टरांना जखम दिसूच देत नाहीत. फुटलेल्या पाठीत एमसील किंवा फेविक्विक भरणारेही मी पाहिले आहेत. वरून भेग बुजलेली दिसते, आत पू वाढत राहतो.

माणसांच्या औषधांतही दोन गोष्टी वेचून काढा. एक, सुन्न करणारं औषध घातलेली मलमं. दुसरी, डोळ्यांचे उरलेले थेंब, विशेषतः ज्यांच्या लेबलवर डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असतं ते. ही स्टेरॉइडं आहेत. जंतुसंसर्ग असेल तर ती तो वाढवू शकतात, आणि बुबुळाला जखम असेल तर ती भरूच देत नाहीत. उरलेल्या गोळ्यांतली अर्धी-पाव प्रतिजैविकं पाण्यात विरघळवून द्यायचा विचार तर मनात आणू नका. कासवाला मात्रा ग्रॅमवारी, वजनावर ठरते, आणि दोन मात्रांमधलं अंतर आपल्यासारखं नसतं.

दुसरा दोष: पेटी तापते

बहुतेक मलमांवर आणि थेंबांवर '२५ अंशांखाली ठेवा' किंवा '३० अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतात. माझी पेटी टिनाच्या खोलीत, फळीवर असायची. एकदा तिच्यात थर्मामीटर ठेवून दुपारून पाहिलं तर पारा ४१ वर होता. मलम फुटायचं कारण तिथेच कळलं. औषध आणलं तेव्हा चांगलंच होतं, ते घरात शिजलं.

आता पेटी माजघरात, मातीच्या जाड भिंतीच्या कोनाड्यात, माठाच्या बाजूला असते. होळीपासून पाऊस पडेपर्यंत मलम आणि थेंब झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवतो, अगदी मागे बर्फाजवळ नाही. फ्रिज नसेल तर मोठ्या माठात ओली रेती, त्यात लहान मडकं आणि त्या मडक्यात डबा, वरून ओलं फडकं. कोरड्या हवेत हे चांगलं काम करतं. पावसाळ्यात मात्र याचा उपयोग नाही, तेव्हा डबा कोरडा राहिला पाहिजे.

उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहायची सवय लावा. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून चार आठवडे, मग फेकायचे. सलाईनची मोठी बाटली टोचली की दुसऱ्या दिवशी ती निर्जंतुक राहत नाही. म्हणून मी पाचशे मिलीची बाटली आणणं सोडलं. १०० मिलीच्या चार आणतो, एका वेळी एक संपवतो. सलाईन नसेलच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम साधं मीठ, घरच्या डिजिटल काट्यावर मोजून. त्याच दिवशी वापरायचं.

तिसरा दोष: औषधं आहेत, ऊब नाही

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या मते कासवाच्या प्रथमोपचारातला अर्ध्याहून जास्त भाग हाच आहे.

कासव स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवू शकत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढं त्याचं शरीर चालतं. पचन, जखम भरणं, जंतूंशी लढणं, औषध अंगात भिनणं, सगळं त्यावर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खालीही जातो. त्या थंडीत टाक्यातल्या पाण्यात पडलेल्या कासवाला उत्तमातलं उत्तम इंजेक्शन दिलं तरी ते धड काम करत नाही. लाल कानाच्या कासवाला एरवी पाणी २४ ते २८ अंश आणि उन्हं खायची जागा ३२ च्या आसपास लागते. आजारी असेल तर कोरड्या टबात २८ ते ३० अंश धरून ठेवायला डॉक्टर सांगतात.

जानेवारीत धोंडूच्या नाकातून बुडबुडे येत होते, पाण्यात एका बाजूला कलंडून तरंगत होता, तोंड उघडून श्वास घेत होता. ही तिन्ही लक्षणं फुप्फुसाच्या संसर्गाची, आणि त्यावर घरात औषध नाही. डॉक्टरच पाहिजेत. पण नागपूरला निघेपर्यंतची एक रात्र आपल्याच हातात असते. त्या रात्री वीज गेली आणि माझ्याकडे उबेचं काहीच नव्हतं. मायनं तांदळाची पुरचुंडी तव्यावर गरम केली, फडक्यात गुंडाळून टबाच्या एका कोपऱ्यात ठेवली आणि दर तासाला बदलत बसली. तिनं ती रात्र निभावली. माझी पेटी त्या रात्री बंदच होती.

म्हणून आता पेटीच्या बाजूला एक प्लास्टिकचा मोठा टब कायम उपडा ठेवलेला असतो. त्याखाली दोन जुने पांढरे टॉवेल, एक रबरी गरम पाण्याची पिशवी आणि दोरीला बांधलेलं थर्मामीटर. पांढरे टॉवेल अशासाठी की रक्त, पू, हिरवट विष्ठा, काहीही त्यावर लगेच दिसतं. पिशवीत उकळतं पाणी नाही, हाताला सोसेल एवढंच. ती टॉवेलात गुंडाळून टबाच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे जास्त वाटलं तर कासव दुसऱ्या बाजूला सरकू शकतं. वीज असेल तर ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब, टबापासून हात-दीड हात वर, पडणार नाही असा बांधलेला. थर्मामीटर कासव बसतं तिथे ठेवायचं, भिंतीवर नाही.

उन्हाळ्यात हीच गोष्ट उलटी होते. मे महिन्यात उथळ प्लास्टिकच्या टबातलं पाणी दुपारून हात घालवत नाही एवढं तापतं. कासव तोंडाला फेस आणून पाय ढिले टाकून पडलं असेल तर ऊन लागलं आहे. सावलीत, आतल्या खोलीत न्या, खोलीत ठेवलेल्या साध्या पाण्यात पोट आणि पाय बुडतील एवढं ठेवा, डोकं वर. बर्फ नाही, माठाचं गार पाणीही नाही. एकदम गार केलं तर त्याला धक्का बसतो. काचेच्या टाकीत कासव घालून ती उन्हात ठेवायची चूक कोणी करू नका. टाकी भट्टी होते, आणि ज्या अतिनील किरणांसाठी आपण ऊन देतो ते काचेतून येतही नाहीत. सकाळचं कोवळं ऊन, अर्धी जागा सावलीची, वर जाळी.

चौथा दोष: किती पातळ करायचं हे कोणालाच आठवत नाही

पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेतले जंतू मारायचं औषध, हे पेटीतलं सगळ्यात उपयोगी, पण बाटलीतून थेट ओतायचं नाही. बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल तर १ मिलीला ९ मिली उकळून गार केलेलं पाणी. ५ टक्के असेल तर १ मिलीला ४ मिली. रंग फिक्या चहासारखा आला पाहिजे. दवाखान्यात हात धुवायचा जो 'स्क्रब' मिळतो त्यात साबण असतो, तो जखमेसाठी नाही. घेताना लेबल पाहा, दुकानदार घाईत तोच देतो. माझ्या पेटीत एक सुईविना सिरिंज आहे, तिच्यावर दोन रेघा मार्करनं ओढल्या आहेत: इथवर औषध, इथवर पाणी. मी घरात नसलो तरी पुतणी ते करू शकते. हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका. डोळ्यांसाठी फक्त सलाईन.

आता पेटीत काय आहे

वर आलेल्या वस्तूंखेरीज निर्जंतुक गॉजची पाकिटं, कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाचा चिमटा, लहान कात्री, रबरी हातमोजे, सुईविना १० आणि २० मिलीच्या सिरिंजा, सिल्व्हर सल्फाडायझिनचं १ टक्का मलम, टॉर्च, मच्छरदाणीचा टबावर बसेल एवढा तुकडा आणि पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा. कापूस काढून टाकला, त्याचे धागे जखमेत अडकतात. नखातून रक्त आलं तर दाबायला थोडं कॉर्नफ्लोअर, तेही फक्त नखासाठी.

काटा सगळ्यांत महाग पडला आणि सगळ्यांत जास्त कामाला आला. दर रविवारी दोघांचं वजन वहीत लिहितो. कासव दुखणं लपवतं, आठवडेच्या आठवडे. वजन मात्र लपत नाही. दहा टक्के उतरलं की मी वाट पाहत नाही, डॉक्टरांना फोन करतो. ती वही पेटीतच असते, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न वजनाचाच असतो.

झाकणाच्या आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर डॉक्टरांचा नंबर, दोघांची ताजी वजनं, पातळ करायचं प्रमाण आणि आयव्हरमेक्टिनची ताकीद. मायला वाचता येत नाही, म्हणून तिथे बाटलीचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली आहे.

कुत्रा चावला, पाठ फुटली

पहिल्यांदा टॉवेलात धरा. दुखावलेलं कासव चावतं. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून पाच-दहा मिनिटं सलग दाबा, मध्ये उचलून पाहू नका. मग भेग किती खोल ते टॉर्चनं पाहा. आतला पातळ पडदा दिसत असेल, किंवा श्वासाबरोबर भेगेतून बुडबुडे येत असतील, तर तिच्यात सलाईन मारू नका आणि कासवाला पाण्यात सोडू नका. पाणी आत गेलं तर फुप्फुसात किंवा पोटात उतरतं. सलाईननं भिजवलेला गॉज वर ठेवा, हलकी पट्टी लावा आणि निघा. फुटलेला तुकडा सुटा पडला असेल तर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून सोबत न्या.

जखम वरवरची असेल तर सलाईननं धुवा, फिकं आयोडीनचं पाणी लावा, सुकू द्या, मग मलमाचा पातळ थर. आणि पाण्यात राहणारं कासव असलं तरी त्याला कोरड्या टबात ठेवा. दिवसातून एकदा तासभर स्वच्छ कोमट पाण्यात सोडायचं, तेवढ्यात ते पितं आणि खातं. ही जात बहुधा पाण्यातच गिळते. बाहेर आल्यावर पुन्हा पुसून मलम. बाहेरून बरी दिसणारी कुत्र्याच्या दाताची जखम आत खोल असते, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवणं सोडू नका.

पावसाळ्यात माश्या. मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत कुठलीही जखम असली की टबावर मच्छरदाणी चोवीस तास. अळ्या दिसल्याच तर चिमट्यानं एकेक वेचा, वरवरची जखम असेल तर सिरिंजनं सलाईन मारून धुवा, दोन तासांनी पुन्हा पाहा. शेपटीखालची घडी आणि मागच्या पायांचे सांधे तपासायचे, अळ्या तिथे लपतात. सगळ्या निघाल्या असं वाटलं तरी डॉक्टर लागतात, कारण त्या आत शिरलेल्या असू शकतात.

डोळे मिटले, गालाला गाठ आली

सखूचे डोळे दर थंडीत सुजायचे आणि मी दर थंडीत थेंब बदलायचो. थेंबांनी उतार पडायचा, पुढच्या थंडीत पुन्हा तेच. मूळ कारण तिच्या ताटात होतं. वर्षानुवर्षं आम्ही तिला डब्यातले वाळलेले झिंगेच घालत होतो. त्यात जीवनसत्त्व अ पुरेसं नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांच्या कडेच्या ग्रंथी सुजतात, आणि वर थंडी आणि घाण पाणी आलं की डोळे बंद. दिसत नाही म्हणून कासव खात नाही, खात नाही म्हणून आणखी खंगतं.

डोळे सलाईननं दिवसातून दोनदा धुवायचे, पाणी रोज बदलायचं, ऊब द्यायची, आणि दोन दिवसांत उघडले नाहीत तर डॉक्टर. जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन घरी कोणाकडून टोचून घेऊ नका. मात्रा जास्त झाली तर कासवाची कातडी सोलून निघते. आम्ही ताट बदललं: शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं, किसलेलं गाजर, वाफवलेलं लाल कोहळं, तळ्यातली हिरवी पाणवनस्पती, सोबत कासवांचं गोळ्यांचं खाद्य. आता तीन हिवाळे झाले, डोळे स्वच्छ आहेत. पाला कुठून तोडता ते मात्र पाहा. कपाशीच्या वावराच्या धुऱ्यावर फवारणीचं औषध उडून येतं. फवारणीचे दिवस असतील तर मी घरामागच्या शेवग्याशिवाय कशालाच हात लावत नाही, आणि पंप हाताळलेल्या हातांनी टाक्यात हात घालत नाही.

डोळ्याच्या मागे, कानाच्या जागी गाठ दिसली तर ती दाबू नका. कासवाचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो. दाबून तो निघत नाही, डॉक्टर भूल देऊन चीर घालून काढतात.

जिथे अजिबात थांबायचं नाही

मागून लाल-काळपट मांसाचा भाग बाहेर आला आणि आत जात नसेल, तर तो सुकू देऊ नका. सलाईननं भिजवलेला गॉज त्यावर ठेवा, त्याला दुसऱ्या कासवापासून लगेच वेगळं करा, कारण दुसरं ते चावून तोडतं, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मादी अस्वस्थ होऊन मागच्या पायांनी सारखी उकरत असेल, खात नसेल, तर तिला अंडी घालायची असतील. नर सोबत नसला तरी मादी अंडी धरते. तिला ओलसर रेतीचं, वीतभर खोल घमेलं निवांत जागी द्या. दोन-तीन दिवसांत अंडी पडली नाहीत आणि ती सुस्त झाली तर क्ष-किरण तपासणी लागते.

पाण्याखाली अडकून बेशुद्ध झालेलं कासव मेलं असं लगेच ठरवू नका. डोकं खाली, मान हळूच पुढे ताणून तोंडातलं-नाकातलं पाणी निथळू द्या, मग उबदार कोरड्या टबात ठेवा. काही तासांनी हालचाल दिसू शकते. सावध झालं तरी नंतर फुप्फुसाचा संसर्ग होण्याची भीती असते, म्हणून दवाखाना आहेच.

नेताना, आणि कुठे न्यायचं

पाण्याच्या बादलीत घालून कधी नेऊ नका. भोकं पाडलेला खोका, खाली ओलसर टॉवेल, वर झाकण. मोटारसायकलवर खोका टाकीवर ठेवू नका, खालून ताप लागतो. उन्हाळ्यात पहाटेची बस. थंडीत खोक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा की कासव तपासतील का. तिथल्या डॉक्टरांचा रोजचा हात गायी-म्हशींवर असतो. आमच्याकडचे डॉक्टर तपासतात आणि गरज पडली तर नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतात, असंही चालतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. कासव धडधाकट असतानाच एकदा जाऊन कोण पाहतं ते विचारून या.

आणि एक गोष्ट ठामपणे. विहिरीत, तळ्यात, नांगराखाली सापडलेलं आपलं देशी कासव या पेटीसाठी नाही. देशी कासवं, चांदणीच्या नक्षीचं जमिनीवरचं कासव धरून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती घरात ठेवणं गुन्हा आहे, प्रेमानं ठेवली तरी. जखमी सापडलं तर सावलीत, कोरड्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. परदेशी जात पाळत असाल तर तिच्या नोंदणीचं वनविभागात विचारून कागद जवळ ठेवा. कंटाळा आला म्हणून लाल कानाचं कासव गावतळ्यात सोडू नका. ते आपल्या तळ्यातल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.

पेटीतला चिमटा, कात्री, काटा स्वयंपाकघरात वापरायचे नाहीत. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात, कासव ठणठणीत दिसलं तरी. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे ती लहान मुलांना याच जंतूंची लागण व्हायची म्हणून. हात साबणानं धुवायचे, टाक्याचं पाणी भांडी घासायच्या जागी ओतायचं नाही, आणि पाच वर्षांखालच्या पोरांना कासव हाताळू द्यायचं नाही.

पेटी मी वर्षातून तीनदा पूर्ण रिकामी करतो. होळीला मलम-थेंब फ्रिजात हलवायचे आणि मुदत संपलेलं काढायचं. मृगाच्या आधी मच्छरदाणी, गॉज, आयोडीन पाहायचं आणि टाक्यावरच्या जाळीच्या कड्या घट्ट करायच्या. दिवाळीत गरम पाण्याची पिशवी भरून रात्रभर उलटी टांगून ठेवायची. गेल्या दिवाळीत तिच्या बुचाखालून थेंब गळत होता, दुसऱ्याच दिवशी नवीन आणली.